धुरा आला

दोन वावरांच्या मधल्या बांधाला आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. धुऱ्यावर तुरीच्या पेंढ्या रचतात, धुऱ्यावर बसून भाकर खातात आणि धुऱ्यावरूनच सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. मी एकवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे हा शब्द मला चांगला ठाऊक आहे असं मला वाटायचं. शेषरावकाका शेवटचे तीन महिने हा एकच शब्द बोलले, आणि त्याचा अर्थ काय हे आमच्यापैकी एकालाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. मराठीच्या बाईंनाही नाही.

मेडशीहून आत पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव आहे, आणि गावाला लागून धरण. पाणी लांबट, दोन्ही अंगांना बोडकी टेपाडं. या धरणावर शिडाच्या नावेचं मंडळ आहे असं मी वाशिमला कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. बघू देत. नौदलातून निवृत्त होऊन गावात परतलेल्या एका गृहस्थांनी हे खूळ आणलं. नौदल असो की आणखी काही, गावानं त्यांना फौजीच म्हटलं. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातली फायबरची पांढरी नाव त्यांनी ट्रकवर घालून आणली. तिची फुटलेली कड मोबीनभाईंनी बुजवली. मोबीनभाई म्हणजे गावातले वेल्डिंगवाले. दुनियेतली कुठलीही मोडकी वस्तू शेवटी आपल्याच दुकानात येणार अशी त्यांची खात्री. मग पाण्याच्या काठाला 'नौकानयन मंडळ' अशी पाटी लागली आणि गाव आम्हाला 'नावेवाले' म्हणायला लागलं.

माझी तेव्हा नुकतीच त्या गावात बदली झाली होती. संध्याकाळी करायला काही नव्हतं. शिवाय 'हे बायांचं काम नाई' असं कुणीतरी म्हणालं, आणि असं कुणी म्हटलं की मी ते काम करतेच. तर पहिल्या दिवशी आम्ही आठ-दहा जण काठावर उभे, आणि फौजी वाऱ्याच्या विरुद्ध नाव कशी न्यायची ते समजावतायत. अर्धे शब्द इंग्रजी, उरलेले हिंदी. कुणाच्या डोक्यात काही शिरत नव्हतं, माझ्याही नाही. शेजारी एक उंच, वाळका माणूस आपले बैल धूत होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, कानावर विडी. बराच वेळ ऐकून घेतल्यावर तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "फौजीसायेब, म्या आयकून राह्यलो मघापासून. वाऱ्याच्या तोंडावर नाव सरळ जात नाई, बरोबर? म्हून तिरपी न्याची, धुऱ्यापाशी वळवाची, अन् पुन्हा तिरपी आणाची. हे तं वखरणंच झालं बाप्पा! याले येवढं इंग्रजी कायले पायजे?"

ते शेषरावकाका. बैल तिथंच बाभळीला बांधून ते नावेत चढले ते पुढली सतरा-अठरा वर्षं उतरले नाहीत म्हणा ना.

त्या दिवसापासून आमच्या मंडळाची भाषाच बदलली. नावेचा रोख फिरवायचा जो मागचा दांडा असतो तो झाला रुमणं, कारण वखराच्या मुठीला रुमणं म्हणतात. शिडाची दोरी झाली कासरा. वाऱ्याला तिरपं धरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जायचं म्हणजे एक तास काढायचं, कारण वावरात वखराच्या एका ओळीला तास म्हणतात. आणि काठ म्हणजे धुरा. तो जवळ आला की ओरडायचं, "धुरा आला!" मग रुमणं ढकलायचं, कासरा सोडून पुन्हा ओढायचा आणि डोकं वाकवायचं, नाही तर शिडाचा आडवा दांडा टाळक्यात बसतो. फौजींनी आधी कपाळाला हात लावला. पंधरा दिवसांनी तेही "धुरा आला" म्हणायला लागले. तीन वर्षांनी ते पुण्याला लेकीकडे राहायला गेले तेव्हा मंडळ काकांच्या हवाली करून गेले. जाताना म्हणाले, "शेषराव, मी चाळीस वर्षं समुद्रावर काढली, पण वारा तुम्हाला जास्त कळतो."

"वारा सोयऱ्यासारखा असते सायेब," काका म्हणाले. "बोलावला तं येत नाई, अन् आला तं पाहुणचार घेतल्याबिगर जात नाई."

वारा बघायची त्यांची रीत न्यारी. सदऱ्याच्या खिशात कायम चिमूटभर कुटार, म्हणजे सोयाबीनचं भुसकट. काठावर आले की दोन बोटांत धरून ते सोडायचे आणि मान कलती करून ते कुठं जातं ते बघत राहायचे. उपणणी करणाऱ्या माणसाला वाऱ्यासाठी आणखी काय लागतं? शांताकाकू, त्यांच्या पत्नी, मात्र वैतागायच्या. "म्याडम, त्याईले तुमीच सांगा. धुण्यात सगये कपडे कुटारानं भरतात. माह्या लुगड्याले खाज सुटते दिवसभर." मी सांगायची. काका माझ्यासमोर खिसा उलटा करून झटकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून यायचे.

आणि या माणसाला पोहता येत नव्हतं! हे मला चार वर्षांनी कळलं. मी उडालेच. लाइफ जॅकेट त्यांनी एकदाही घातलं नव्हतं. ते डोक्याखाली घेऊन दुपारी झोपायचे. मी चांगली झाडाझडती घेतली. "काका, शरम आहे का काही? बुडाला असता तर?"

"म्याडम," ते शांतपणे म्हणाले, "मले पाण्यावर जाचं असते. पाण्यात जाचं कोण म्हून राह्यलं?"



नावेला त्यांनी ढवळी म्हणायला सुरुवात केली. पांढरी म्हणून ढवळी, बाकी काही नाही. मुलानं, दिगंबरनं, ट्रॅक्टर घेतला आणि बैलजोडी विकली, त्या वर्षीच्या पोळ्याला काकांनी कमालच केली. गावातले बैल तोरणाखाली रांगेत उभे, वाजंत्री वाजतेय, आणि हे मोबीनभाईंच्या हातगाडीवर ढवळीला घालून घेऊन आले. नावेच्या दोन्ही अंगांना गेरूचे ठिपके, पुढच्या टोकाला बेगड आणि झेंडूची माळ. गाव पोट धरधरून हसलं. कुणीतरी ओरडलं, "शेषरावभौ, शिंगं कोठी गेली हिची?" काका अजिबात हसले नाहीत. रांगेत उभे राहिले, तोरण तुटेपर्यंत थांबले, आणि घरी नेऊन काकूंना नावेची पूजा करायला लावली. पुरणपोळीचा घास नावेच्या टोकाला लावून मग तो त्यांनी स्वतः खाल्ला. आम्ही सगळे हसत होतो, मीही. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं ते मला नंतर आठवलं.

एकदा परवानगीच्या कामासाठी एक साहेब तपासणीला आले. काळा चष्मा, इस्त्रीची पँट. त्यांनी विचारलं, "प्रशिक्षक कोण?" सगळ्यांची बोटं काकांकडे. "प्रमाणपत्र?"

"बैल इकले सायेब. नाई तं तेच आणून दाखवले असते."

साहेबांना काही कळलं नाही, पण ते नावेत बसले. मधोमध गेल्यावर वारा पडला. अगदी पानसुद्धा हलेना. आम्ही काठावरून बघतोय, ढवळी तळहाताएवढी दिसतेय, आणि तासभर ती जागची हलत नाही. तासाचे दोन तास झाले. नंतर साहेबांनीच सांगितलं, की त्यांनी दहादा वल्हं मागितलं आणि काकांनी दहादा एकच उत्तर दिलं, "नावेत वल्हं ठेवलं का माणूस वाऱ्याकडे पाहत नाई." मग बोलणं निघालं. साहेबांच्या आईच्या गुडघ्यापासून सुरू झालं ते त्यांच्या गावाकडच्या आंब्यापर्यंत गेलं. वारा आला तेव्हा साहेबांचं नाक लालबुंद झालेलं होतं आणि मन मोकळं. सही दिली, पण एक अट घातली, मंडळाकडे वल्हं असलंच पाहिजे. काकांनी दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या मालेगावहून नवंकोरं वल्हं आणलं आणि काठावरच्या बाभळीला टांगलं. मी म्हटलं, "काका, ते नावेत ठेवायचं असतं." तर म्हणे, "वल्हं पायजे असा नेम हाय. नावेतच पायजे असं कोठी लिवलं? वाचून दाखवा." मी कागद वाचला. खरंच लिहिलं नव्हतं. ते वल्हं त्या बाभळीलाच राहिलं.

आता माझ्याबद्दल एक सांगायलाच हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. मी नाव बरी चालवते, पण वेळेवर वळत नाही. एकदा तास लागलं, शीड भरलं, पाणी कडेनं सळसळायला लागलं की माझं भान जातं. वाटतं, असंच जात राहावं. काठ दिसतो, पण तो आपल्यासाठी नाहीच असं काहीतरी वाटतं. तीनदा मी ढवळीला गाळात घुसवली. तेव्हापासून मी नावेत असले की काका बाभळीखाली बसून राहायचे आणि तिथून आवाज द्यायचे. "म्याडम, धुराऽ आला!" आवाज असा, की पलीकडच्या टेपाडावरची गुरं मान वर करायची. मी चिडायची. परत येऊन भांडायची, "मला दिसतो हो धुरा! आंधळी आहे का मी?" ते म्हणायचे, "दिसते तं वळत काहून नाई?" आणि खरं सांगायचं तर, पुढं पुढं मी बघणंच सोडून दिलं. हाक येणार हे ठाऊक असायचं. हाक आली की हात आपोआप रुमणं ढकलायचे.

एका संध्याकाळी मी अशीच भांडून शेजारी बसले होते. काका नेहमीसारखे हसले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले, "वावरातला धुरा आला का माणूस भांडते म्याडम. अन् इथला आला का वळते. म्या वावरातबी वळलो असतो तं..." एवढं म्हणून उठले आणि कासरा गुंडाळायला लागले. त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, बळीरामचं, वावरातल्या दोन तासांच्या पट्टीवरून बोलणं बंद होतं. धुरा कुणी सरकवला हा वाद. नऊ वर्षं एकमेकांच्या दारात पाय नाही. मी पुढं काही विचारलं नाही. वाटलं, सांगायचं असेल तर सांगतील केव्हातरी.

दिवाळीच्या आधी, सोयाबीनच्या काढणीत, ते गंजीपाशी कोसळले. लकवा. उजवं अंग गेलं. अकोल्याच्या दवाखान्यात अठरा दिवस काढून घरी आणलं तेव्हा मी आणि मोबीनभाई भेटायला गेलो. खाटेवर उशीला टेकून बसवलेलं होतं. मला बघून त्यांचा डावा हात उठला, तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि आवाज आला, "धुरा."

मला रडूच आलं. मी म्हटलं, "हो काका, आला धुरा."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही. "धुरा. धुरा!"

"पाणी पाहिजे का?" नाही. "मंडळाचं काही?" नाही. "ढवळी ठीक आहे, मोबीनभाईंनी झाकून ठेवलीय." नाही, नाही. मग थकून त्यांनी डोळे मिटले. काकू दारात उभ्या होत्या. "पंधरा दिवसांपासून असंच चालू हाय म्याडम. दुसरं अक्षर नाई."

डॉक्टरांनी दिगंबरला समजावून सांगितलं होतं. मेंदूतला बोलण्याचा भाग गेला की कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. माणसाला आतून सगळं सांगायचं असतं, पण तोंडातून तोच एक शब्द येतो. पाण्यालाही तोच, भुकेलाही तोच. दिगंबरनं मान डोलावली, आणि घरी येऊन त्याला जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. बाप धुरा धुरा करून राह्यला, म्हणजे बापाच्या जिवाला बळीरामकाकानं दाबलेली पट्टी लागून राह्यली! गावातल्या कुणालाही हेच वाटलं असतं. धुरा म्हटल्यावर आमच्याकडे दुसरं काही आठवतच नाही. त्यानं मोजणीचा अर्ज टाकला. वावरात खुंट ठोकले गेले. बळीरामशी चारचौघांत बाचाबाची झाली. दिगंबर वाईट मुलगा नाही हो. बापासाठी काहीतरी करायचं होतं त्याला, आणि करण्याजोगं एवढंच सापडलं.

एका सकाळी बळीराम स्वतःच आला. मी तिथं होते. नऊ वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत आलेला माणूस, टोपी हातात घेऊन खाटेपाशी उकिडवा बसला. "दादा, घेऊन टाक. दोन तासं कायची, चार घे. तुह्या हातानं खुंट ठोक. पण हे आता बंद कर."

काकांनी डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं. "धुरा!"

"हाव म्हटलं ना दादा. घे."

"धुरा! धुरा!" मान जोरात हलत होती. डोळे लाल.

बळीरामचा चेहरा पडला. "अजून पायजे?" तो म्हणाला. "दादा, म्या खाऊ काय मंग?"

त्या वेळी मला ती संध्याकाळ आठवली. मी ती बळीरामला सांगितली. वावरातला धुरा आला का माणूस भांडते, अन् इथला आला का वळते, म्या वावरातबी वळलो असतो तं. शब्द जसेच्या तसे सांगितले. तेवढं मला येतं. तो मग भावाकडे वळून म्हणाला, "खरं हाय का दादा? तू हेच म्हून राह्यला का? वळू म्हून राह्यला?"

"धुरा," काका म्हणाले.

"हाव का नाई, येवढं सांग ना. मानेनं सांग."

काकांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून हे कुणालाच कळलं नाही. आडवी हलली, मग उभी, मग नुसती थरथरली. बळीरामनं खाटेच्या काठावर डोकं टेकलं. "तवाच काहून नाई सांगतलं बे," तो रडत म्हणाला. "तवा तं तुले सगये शब्द येत होते."

मी बाहेर आले. अंगणात काकू तांदूळ निवडत होत्या; हात चालू होते, नजर कुठंच नव्हती. "म्याडम," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं म्या त्याईचं बोलणं आयकलं. तवाबी अर्धं समजत नोतं. आता एकच शब्द राह्यला हाय, तं येवढा तरी समजाले पायजे होता ना मले?"

मी भाषेची शिक्षिका. शब्दाला चार अर्थ असतात, संदर्भानं अर्थ ठरतो, असं फळ्यावर लिहिलेली बाई. मी काकूंच्या शेजारी बसले आणि तांदूळ निवडायला लागले. दुसरं काय करणार होते?

मोबीनभाईंचं मात्र ठाम मत. "म्याडम, दिमाग मत लगाओ. त्याईले धरणावर जाचं हाय. बस." त्यांनी लाकडी खुर्चीला सायकलची दोन चाकं जोडून गाडी बनवली. दिगंबर नको म्हणत होता. "गार वाऱ्यात न्याल अन् काही झालं तं?" मी म्हटलं, "झालं तर माझ्यावर घाल." हे मी म्हणाले. मीच म्हणाले.

तूर निघून गेली होती, हरभरा घाट्यात आला होता. वारा उगवतीकडून, म्हणजे आमच्या बाभळीकडून पाण्यावर जाणारा. काकूंनी त्यांना धुतलेला सदरा घातला आणि निघताना कोनाड्यातून चिमूटभर कुटार घेऊन त्यांच्या खिशात टाकलं. मी बघितलं तर म्हणाल्या, "असू द्या. धुणं माह्यंच हाय." खुर्ची ढकलत आम्ही काठावर आणली, बाभळीखाली उभी केली. ढवळी पाण्यात सोडली. काका तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, "धुरा."

"देखा?" मोबीनभाई खूश. आम्ही दोघांनी त्यांना बगलेत धरून उचललं, नावेत बसवायला. त्यांनी डाव्या हातानं खुर्ची गच्च धरली आणि ओरडले. पुन्हा चुकलो होतो. परत बसवलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आणि नावेकडे.

"तुमाले जा म्हून राह्यले," काकू म्हणाल्या.

"कशावरून?"

"मले नाई माहीत. जाऊन पाहा."

मी गेले. वारा पाठीशी होता, ढवळी भुर्रकन निघाली, आणि बघता बघता मी धरणाच्या दुसऱ्या टोकाला. मग परतीचं तोंड केलं. आता वारा समोरून, म्हणजे तासं काढत यायचं. पहिलं तास लागलं. शीड भरलं. आणि मी, सवयीनं, बघणं सोडून बसले.

"धुराऽ!"

वाऱ्यावरून आलेला तो आवाज जुना होता. टेपाडावरची गुरं मान वर करतील असा. माझे हात आपोआप हलले, ढवळी वळली, आणि बघते तर काठ अगदी जेवढा जवळ यायला हवा तेवढाच. आधी नाही, उशिरा नाही. दुसऱ्या तासाला पुन्हा तेच. तिसऱ्याला, चौथ्याला. काठावर मोबीनभाई दोन्ही हात हलवत होते. काकू टाळ्या वाजवत होत्या, त्यांना टाळ्या वाजवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी एकटी नावेत मोठमोठ्यानं हसत होते आणि रडत होते. तीन महिने नुसता भिरभिरत राहिलेला तो शब्द इथं जागच्या जागी बसत होता. मी ठरवूनच टाकलं, उद्या दिगंबरला आणायचं, बळीरामला आणायचं, सगळ्यांना या बाभळीखाली बसवायचं आणि म्हणायचं, ऐका.

पाचवं तास धरताना मी वळून पाहिलं. मोबीनभाई खुर्चीवर वाकले होते. काकू खाली बसून काकांचे पाय चोळत होत्या. काकांचा डावा हात खुर्चीच्या बाहेर लोंबत होता.

मी ओरडले. वारा माझ्या तोंडावर होता, माझी हाक मागं उडून गेली. मधलं अंतर काही नव्हतं, शाळेच्या मैदानाएवढं. मी रुमणं ढकललं आणि ढवळीला सरळ त्यांच्याकडे धरलं. शीड फडफडलं, नाव थांबली, आणि मागं सरकायला लागली. वाऱ्याच्या तोंडावर नाव सरळ जात नाई, हे मी पहिल्या दिवशी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. वल्हं मला दिसत होतं. त्यांच्या डोक्यावर, बाभळीला टांगलेलं. मोबीनभाईंनी काकांच्या डोळ्यांवरून हात फिरवला तेही मला दिसलं.

दुसरा इलाज नव्हता. मी ढवळीला पुन्हा तिरपं धरलं, त्यांच्याकडे जवळजवळ पाठ करून. शीड भरलं. पाणी कडेनं सळसळायला लागलं. समोर धुरा येत होता. मला तो दिसत होता, आंधळी नाही मी. हात रुमण्यावर होते. मी हाकेची वाट पाहत तशीच बसून राहिले, आणि ढवळी सरळ जाऊन धुऱ्याला लागली.